बदामाचा एक्का

रविवारी चर्च सुटल्यावर खानावळीतल्या नेहमीच्या टेबलावर पत्ते वाटले गेले, आणि नगराध्यक्ष झाइडलसाहेबांनी बदामाचा एक्का मुद्दाम भलत्या वेळी टाकला. औषधवाल्या रेनर्टकडचे बदाम संपलेत आणि हुकूम शिल्लक आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेंबडं पोरही असली चूक करणार नाही. पण रेनर्टने हुकूम हातातच दाबून ठेवला, एक फालतू पान टाकलं आणि म्हणाला, "वा साहेब! काय खेळलात!"

"इंजिनिअरचं डोकं आहे ते," मुख्याध्यापकांनी री ओढली.

साहेबांचा पंपांचा कारखाना होता. गावात घरोघरी नळ आले ते त्यांच्यामुळेच. आल्विन गेल्यापासून मात्र ते एकही डाव हरले नव्हते.

आल्विन त्यांच्याच कारखान्यातला ओतारी, दोघं एकाच भट्टीपुढे काम शिकलेले. साहेब चुकले की तो बियर सांडेल अशी मूठ आपटायचा आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "अरे गाढवा! अख्ख्या गावाला पाणी पाजतोस आणि तुला साधी पानं मोजता येत नाहीत?"

डाव साहेबांनीच जिंकला. एक्का खिशात घालून ते उठले, घरी जाताना वाट वाकडी करून दफनभूमीत शिरले. आल्विनच्या थडग्यावर त्यांनी तो एक्का टाकला, टोपी काढली आणि शिवी ऐकायला जरा खाली वाकले.