वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर

“दात दुखतोय म्हणायचं. कुणीही विचारू दे, दात,” जिन्यापाशी येताच अनिरुद्धरावांनी मुलीला पुन्हा बजावलं. वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर होता. तंजावरात मनाचे डॉक्टर आणखीही होते, पण तिच्या अप्पांनी खालच्या मजल्यावरचे हेच निवडले, ते त्या जिन्यापायी.

श्रीविद्याच्या दातांना मेलं काही झालं नव्हतं. तिला झोप नव्हती. बँकेत खिडकीवर बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि हल्ली तर जगूच नये असं वाटायचं. डॉक्टरकडे चला म्हणून हट्टही तिनंच धरला होता.

“काय होतंय, अम्मा?” डॉक्टर सुब्रमण्यम यांनी तिला विचारलं.

ती तोंड उघडते तोच अप्पा तमिळमध्ये सुरू झाले. “विशेष काही नाही, सार. नीट जेवत नाही, म्हणून झोप नाही. एखादं टॉनिक लिहून द्या.” मग तोंडावरचं हसू तसंच ठेवून तिला मराठीत म्हणाले, “बाकीचं काही बोलू नक्को, कन्ना. बेंगळूरची माणसं तुला पाहायला येणार आहेत. वेडी ठरवतील तुला.”

त्या घरात मराठी अशीच कामाला यायची. चारचौघांत झाकायचं ते मराठीत बोलायचं. तंजावरात कळतंय कुणाला!

“काय म्हणाले ते?” डॉक्टरांनी विचारलं.

“जेवत जा म्हटलं,” अप्पा म्हणाले.

श्रीविद्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीला जीव नकोसा झालाय आणि याला बेंगळूरची पडलीय! किती महिन्यांनी तिला असं काहीतरी वाटलं होतं.

“नाही, सार. खोटं आहे,” ती तमिळमध्ये म्हणाली. “गप्प बस म्हणाले. वेडी ठरशील म्हणाले. मला पाहायला मुलगा येणार आहे, म्हणून.”

“अय्यो, काय करतेस हे! घराची अब्रू...” अप्पा मराठीत ओरडले.

“आता घराची अब्रू म्हणतायत,” तिनं तेही सांगून टाकलं. “सार, मला जगावंसं वाटत नाही. हे टॉनिकनं जातं का?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “सांगितलंत, फार बरं केलंत,” ते तिला म्हणाले, आणि अप्पांना बाहेर बसायला सांगितलं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. डोळे सुजले होते, पण पुढच्या आठवड्यात कधी यायचं ते ठरलं होतं. बाकावर अप्पांशेजारी त्यांच्याच गल्लीतले सीतारामराव बसले होते. पलीकडे त्यांची बायको, भागीरथीमामी. पदर घट्ट ओढून घेतलेला, नजर फरशीवर.

“हिचा दात,” कुणी काही न विचारताच सीतारामराव म्हणाले.

“हिचाही,” अप्पा म्हणाले.

श्रीविद्या मामींसमोर बसली. त्यांचा हात हातात घेतला, तो गारठला होता.

“मामी, डॉक्टर चांगले आहेत. असेल ते सगळं सांगा,” ती म्हणाली. मग सीतारामरावांकडे बघत, सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात, तमिळमध्ये म्हणाली, “आणि आधी यांना बाहेर बसवा.”