लुक आफ्टर

मोटार सुटायले आली तरी फुलचंद टपावर ट्रंक बांधूनच राह्यला होता. नेरच्या स्टँडवर कोकिळा खाली उभी. बाजूले तिचा बाप, पुंडलिकराव. लेकीले घेऊन बाजाराले आलता.

फुलचंद शेजारच्या तांड्यावरचा. यवतमाळले कापसाच्या जिनात कामाले चालला होता. मॅट्रिकले दरसाली इंग्रजीतच आपटे. एकदा मास्तरनं विचारलं, "डोकं खाऊ नको, याचं इंग्रजी सांग." यानं ठणकावून सांगतलं, "डोन्ट ईट हेड." पुरा वर्ग लोळला. मास्तर म्हणे, "फुल्या, तू इंग्रजाले रडवशीन लेका!"

फुलचंद खाली उतरला. कोकिळेनं हळूच विचारलं, "तू चालला, मंग माह्यं कसं?"

त्यानं पुंडलिकरावाकडे पाह्यलं. बुढ्याले इंग्रजी येत नव्हतं.

"आय विल लुक आफ्टर," फुलचंद म्हणे, अन् मोटारीत चढला.

"काय म्हणे तो?" बापानं विचारलं.

"काही नाही. जातो म्हणे."

कोकिळा सातवीतच शाळेतून निघालेली. दुसऱ्या दिवशी विमलताई मास्तरीणबाईकडे गेली.

"ताई, लुक आफ्टर म्हणजे काय वो?"

"लुक अ‍ॅट म्हणजे पाहणे. लुक फॉर म्हणजे शोधणे. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे. काहून वं? कोण सांभाळून राह्यलं तुले?"

कोकिळा लाजून पळाली.

सांभाळीन म्हणे तो! कापूस वेचता वेचता तोंडात तेच. सडकेवर मोटार वाजली का मान वर. धुरळा बसला का मान खाली.

स्थळं आली. बोरीचं आलं, दारव्ह्याचं आलं. कोकिळेचं एकच, "पाहू नंतर."

बाप शेवटी भडकला. "तुह्यं पाहू नंतर म्हणजे नाहीच! मले काय समजत नाही?"

सोबतच्या पोरी कडेवर लेकरं घेऊन माहेरी येऊ लागल्या. मोटार वाजे, कोकिळा मान वर करे.

मंग एका बाजारात, बांगड्याच्या दुकानापाशी, फुलचंद समोरच उभा. अंगानं भरला होता. कोकिळेच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कोकिळे! तुह्यं लेकरू कुठी हाय?"

"कोणतं लेकरू? लग्न कुठी केलं मी?"

"काहून वं?"

"तूच त म्हणलता. इथल्याच स्टँडवर, बापासमोर. लुक आफ्टर."

फुलचंद आठवत राह्यला. आठवलं तशी त्यानं मान खाली घातली. पायानं माती उकरू लागला.

"हो, म्हणलतो. तोंडावर नाही म्हणवत नव्हतं तुले. लुक म्हणजे पाहू. आफ्टर म्हणजे नंतर."