नऊच्या ठोक्याला

वसईच्या खाडीकाठच्या मिठागरावर नवे मॅनेजर आले, कारखानीस. आल्या आल्या त्यांनी कचेरीत घड्याळ टांगलं आणि हुकूम काढला, खाडीचं पाणी तळ्यात घेणारी उघाडी रोज नऊच्या ठोक्याला उघडलीच पाहिजे.

उघाडीवरची कमळी त्या दिवशी बरोब्बर नऊला हजर. साहेब खूश. दुसऱ्या दिवशी ती आली पावणेदहाला.

"पाऊण तास उशीर!" साहेब कडाडले.

"वेळेवरच आले, सायेब," म्हणून ती कामाला लागली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिची वाट पाहिलीच नाही. नऊचा ठोका पडला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने उघाडीची फळी उचलली. खाडीचं पाणी अजून खालीच होतं. पाण्यात उतरून त्यांनी फळी परत खाली टाकेपर्यंत तळ्यात साठवलेलं दोन दिवसांचं पाणी धो धो खाडीत निघून गेलं.

साडेदहाला कमळी आली तेव्हा भरती काठोकाठ आली होती. तिने फळी उचलली आणि तळं पुन्हा भरून घेतलं.

भिजलेली पाटलोण पिळत साहेब जवळ आले.

"कमळाबाई, उद्या मी किती वाजता येऊ?"

कमळीने बोटांवर तिथी मोजली.

"आज चवदस, उद्या पुनव. सव्वाअकराला या. आन् उशीर नका करू."