विमानातली दोरी

पक्कड बाहेर आली तेव्हा तपासणीवरच्या बाईंना वाटलं, संपलं. मग पान्हा निघाला. मग घडीचा चाकू, लायटर, चिकटपट्टी, सेफ्टी पिनांचा झुबका, शिट्टी, आणि थंडीत अंगावर घ्यायची एक चंदेरी चादर, जी एकदा उलगडल्यावर परत घडीत जायला तयार होईना. कमरेच्या पाऊचमध्ये एवढं मावतं याचं बाईंना कौतुक वाटलं असावं, पण चेहऱ्यावर त्यांनी ते येऊ दिलं नाही.

"हे रोज घेऊन फिरता?"

"रोज," तो म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावर सगळे त्याला हार्डवेअर म्हणत. लग्नाच्या फोटोतही कोटाखाली पाऊचचा फुगवटा दिसतो. फोटोवाल्याने सांगूनही त्याने पोट आत घेतलं नव्हतं, कारण ते पोट नव्हतंच.

"भाऊजी, विमानात लिफ्ट नसते," मागून मेव्हणा म्हणाला. त्याने बूट, पट्टा, फोन, सगळं शहाण्यासारखं ट्रेमध्ये ठेवलं होतं आणि तो एका हाताने पँट धरून उभा होता. "निघतानाच म्हटलं होतं, सामानात टाका."

"सामान चुकतं. माणसापाशी असलेलं बरं."

"आता राहिलं का माणसापाशी?"

बाईंनी चाकू, लायटर, पक्कड, पान्हा बाजूच्या पेटीत टाकले. शिट्टी परत मिळाली. चादरही मिळाली, तिच्या नादी लागायला कुणी तयार नव्हतं म्हणून. मग बाईंनी त्याच्या पिशवीच्या तळातून दोरी काढायला घेतली. ती येतच राहिली. टेबलावरून उतरली आणि रांगेतल्या एका माणसाच्या पायांपर्यंत गेली.

"ही नाही जाणार."

"दोरी आहे ती."

"दिसतंय. दोरीने माणूस बांधता येतो."

"वर ओढतापण येतो."

"वर कुठे? विमानात?"

"दरीतून," तो म्हणाला. "माझी मुलगी डोंगरात घसरलीय. परवापासून सापडत नाहीये. शोधायला चाललोय."

बाईंचा हात दोरीवर थांबला. "तिथे शोधणारी माणसं असतील ना," त्या जरा हळू म्हणाल्या. "त्यांच्याकडे असतात दोऱ्या. चांगल्या असतात."

"असतील. पण माणसं अनोळखी. अनोळखी माणसाने हाक मारली तर ओ द्यायची नाही, असं मीच शिकवलंय तिला. लहानपणापासून. शिकवलेलं विसरत नाही ती. बसली असेल कुठेतरी गप्प."

मेव्हण्याने छताकडे पाहिलं. "भाऊजी, ती बँकेत नोकरी करते. दिवसभर अनोळखी माणसांशीच बोलते."

"मध्ये काच असते," तो म्हणाला.

"सोडा ती दोरी. विमान जाईल निघून."

"दोरीशिवाय जाऊन काय करू? नुसता उभा राहू?"

तेवढ्यात तपासणी यंत्राच्या पोटात फोन वाजायला लागला. मेव्हण्याचा होता. वाजत वाजत तो रबरी पडद्यातून बाहेर आला, बुटांच्या शेजारी बसून. मेव्हण्याने पलीकडे जाऊन उचलला. शोधपथकाचा माणूस होता.

"हो, मामा बोलतोय तिचा." मग त्याने टेबलाकडे पाठ केली. "कुठे? ... हं ... नक्की तीच?" आवाज बारीक झाला. "हो, ओळख पटवायला येतोय ना आम्ही दोघं. वडील इथेच आहेत. मी सांगतो त्यांना. मीच सांगतो. निघालोच आहोत, लगेच ..."

दोन दिवस पथकाचा हाच माणूस लवकर या, लवकर या म्हणत होता.

"सावकाश या," तो आता म्हणाला.

मेव्हण्याने फोन खिशात ठेवला. पट्टा घालायचा राहूनच गेला. तो टेबलापाशी आला.

"कोण होतं?" हार्डवेअरने विचारलं.

"पथकवाले. कुठवर आलात म्हणून विचारत होते."

"बघा," हार्डवेअर बाईंना म्हणाला. "वाट बघतायत. माणसं कमी पडत असणार."

मेव्हणा दोरीकडे बघत होता. "मॅडम, ती दोरी जाऊ द्या."

"आत्ता तुम्हीच सोडा म्हणत होता."

"म्हणत होतो."

"नियम आहे साहेब."

"असेल. तुमच्या वरच्यांना बोलवा. मी थांबतो. आम्हाला घाई नाहीये."

"विमान निघून जाईल म्हणालात ना?"

"नाहीये घाई आता," मेव्हणा म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग हार्डवेअरकडे. तो चंदेरी चादरीची घडी घालण्यात गुंतला होता. त्यांनी जमिनीवरची दोरी गोळा केली, ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे आत ढकलला. यंत्राच्या स्क्रीनसमोर बसलेल्या सहकाऱ्याने मान वर केली. "जाऊ दे," त्या म्हणाल्या.

पलीकडे हार्डवेअरने दोरी छातीशी धरली. "बघितलंस? जरा धीर धरला की होतं. तू फार लवकर हात टेकतोस."

"हो भाऊजी."

"हे टोक धर. पार गुंता केलाय त्यांनी."

मेव्हण्याने टोक धरलं. हार्डवेअर एकेक पीळ सोडवत मागे मागे सरकत गेला, खुर्च्यांच्या रांगेपलीकडे, पाण्याच्या नळापर्यंत. त्यांच्या विमानाची घोषणा झाली. लोक बॅगा छातीशी धरून, वाकून दोरीखालून जाऊ लागले.

"वजन पेलते का बघू," लांबून हार्डवेअर म्हणाला. "तीच आहेस असं समज. टाक अंग."

मेव्हण्याने दोरी मनगटाला गुंडाळली, डोळे मिटले आणि सगळं अंग मागे सोडून दिलं.