मोकळं कपाळ

मदर मेरीच्या कपाळाला कुंकू लागलं, तेव्हा रत्ना पाहुण्यांना घुमट दाखवत होती. सगळ्यांच्या माना वर होत्या, म्हणून कुणी पाहिलं नाही. मग अलार्म ठणाणा करू लागला, माना खाली आल्या. भिंतीपाशी रत्नाची आई उभी होती. अनामिका लाल, चेहऱ्यावर समाधान.

तेराव्या शतकातलं ते चिमुकलं बायझंटाईन चर्च. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर छप्पर खचून मोडकळीला आलेलं. दगड न् दगड सुटा करून डॅलसच्या एका संग्रहालयात आणून पुन्हा उभारलेलं. आत दहा माणसं शिरली की अकराव्याने दारातच थांबायचं. पण घुमटाच्या गळ्याशी चिंचोळ्या खिडक्या अशा बेताने ठेवलेल्या, की उजेड आधी वर रंगवलेल्या येशूच्या तोंडावर पडावा आणि भक्तांच्या वाट्याला उरलासुरला. ओल्या गिलाव्यावर काढलेली चित्रं भिंतींत मुरून गेली होती.

रत्ना या चित्रांसाठी जीव टाकत होती. पुण्यात कलेच्या इतिहासात एम.ए. केलं, पहिली आली आणि लग्न करून डॅलसजवळच्या प्लेनोत येऊन बसली. गुरुनाथला कामाचा व्हिसा, हिला त्याच्या बायकोचा. २००६ साली त्या व्हिसावर श्वास घेता यायचा, पगार घेता यायचा नाही. म्हणून ती इथे फुकट राबायची, येणाऱ्याजाणाऱ्याला चर्च समजावून सांगायची. आज संग्रहालयाच्या संचालिका कॅथरीनबाई स्वतः तिची टूर ऐकायला आल्या होत्या. आवडली तर नोकरी, आणि नोकरीबरोबर स्वतःच्या नावाचा व्हिसा.

बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच या एकुलत्या लेकीकडे आली होती. घरी एकटीला कसं ठेवायचं, म्हणून रत्नाने तिला बरोबर आणलं. गाडी पार्क करतानाच बजावलं, "आई, टूर चालू असताना मला हाक मारू नकोस हं. मागे उभी राहा." लोक यायच्या आधी आईने चर्च डोळे भरून पाहिलं. मेरीपाशी थबकली. मांडीवर मूल, मोठे उदास डोळे.

"हिचा नवरा आहे ना गं?"

"आहे की. सुतार."

"मग कपाळ असं मोकळं का?"

रत्ना नुसती हसली. एवढं समजावत बसायला वेळ कुठे होता? आईचं स्वतःचं कुंकू गेलं होतं, पर्समधली कुंकवाची डबी मात्र गेली नव्हती. मोकळं कपाळ आरशात बघताना काय वाटतं, हे तिला आता चांगलंच ठाऊक होतं. नवरा असलेल्या बाईच्या नशिबी ते कशाला?

गार्ड धावत आला. कॅथरीनबाई पांढऱ्याफटक पडल्या. सातशे वर्षं ऊनपावसातून तगलेलं ते कपाळ, आणि त्यावर हे ठसठशीत बोट!

"रत्ना, इज शी विथ यू?"

हातातोंडाशी आलेला घास. रत्नाने आईकडे पाहिलं. आई भांबावली होती, पण लेक सगळं नीट सांगेल म्हणून निर्धास्तही होती.

"नो," रत्ना म्हणाली. "आय डोन्ट नो हर."

असं बोलताना माणसाची जीभ झडत नाही. आणि एवढं इंग्रजी आईला कळत होतं.

आई लेकीकडे बघत राहिली. आता ही रडणार, आता 'अगं' म्हणून हाक मारणार, या भीतीने रत्नाने नजर पुन्हा घुमटाकडे वळवली. गार्ड पुन्हा पुन्हा विचारत होता, कोणाबरोबर आलात, कोणाला फोन करायचा? आईने पदर सावरला, हात जोडले आणि ती रत्नाकडे वळली.

"बाई, तुम्ही मराठी दिसता. यांना सांगा, चूक माझी एकटीची आहे. इथे माझं कोणी नाही."

"ओह, यू स्पीक हर लँग्वेज!" कॅथरीनबाईंचा जीव भांड्यात पडला. "व्हॉट इज शी सेइंग?"

रत्नाने आईचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही.