मॉनिटरवरचा टॉवेल
छातीविकार आणि अतिदक्षता शिकायला आलेली डॉक्टर मॉनिटरवरून नजर हटवत नसे. आज एक आजोबा व्हेंटिलेटरशी झोंबत होते, मॉनिटर बोंबलत होता. तिनं नळी पाहिली, छाती ऐकली. सगळं जागच्या जागी. "सिस्टर, गुंगीचं औषध वाढवा." तेवढ्यात मोठ्या मॅडमनी मॉनिटरवर टॉवेल टाकला. "मॅडम, आकडे?" "आकडे पळून जात नाहीत. पेशंट मॉनिटरमध्ये राहतो का पलंगावर? आजोबांकडे बघ." ती चरफडत वाकली. घशात नळी, हात बांधलेले. आजोबा डोळ्यांनीच डावीकडे खुणावत होते. नळी जागेवर धरणाऱ्या, डोक्यामागून बांधलेल्या पट्टीखाली त्यांचा डावा कान दुमडून लालबुंद झाला होता. "अगं बाई! आजोबा, सांगायचं नाही का?" बोलून तिनंच जीभ चावली. अलगद कान सोडवला. बोंब थांबली. आजोबांचे डोळे वाहू लागले. तिनं मॉनिटरवरचा टॉवेल ओढला आणि आकड्यांकडे न बघताच त्यांचे गाल पुसले.