थांबलेली कळ

“डॉक्टर, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं का?” दादाची कळ अशीच येते-जाते हे ऐकून मैत्रिणींनी पैजेवर विचारायला लावलेला प्रश्न धाकट्या बहिणीनं अखेर विचारून टाकला. घटकाभरापूर्वी जांघेतल्या कळेनं गडबडा लोळणारा दादा आता हसत बूट घालत होता. “दवाखान्याची पाटी दिसली की याचं दुखणं पळतं!” बाबांनी टोमणा मारला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. “अंडकोष पिळला जातो, रक्त अडतं. आज पीळ आपोआप सुटला. एखाद्या दिवशी नाही सुटणार, आणि काही तासांत अंडकोष निकामी होईल. ऑपरेशन करून तो टाक्यांनी जागीच बसवूया.” “धडधाकट पोराला कशाला कापायचं?” म्हणत आई उठलीच. “पुन्हा कळ आली तर, चिमणे?” दादा कुजबुजला. तिनं त्याचा दुसरा बूट हिसकावून छातीशी धरला. “आई, बाबा, ऑपरेशन झाल्याशिवाय मी दादाला घरी येऊ देणार नाही!”